कागदोपत्री जुळे

खटाव तालुक्यात कुठल्याही शाळेत पालक मेळावा असला की वक्ता म्हणून मला बोलावतात. यात माझी थोरवी वगैरे काही नाही. मी मानधन मागत नाही, माझी स्वतःची मोटारसायकल आहे आणि माझ्याकडे तक्ता आहे. फ्लेक्सचा, सहा फुटी, चार रंगांचा. जन्म ते सहा पिवळा, सहा ते अकरा हिरवा, अकरा ते चौदा केशरी आणि चौदा ते अठरा लाल. लालच का, असं एका आजोबांनी एकदा विचारलं होतं. मी म्हणालो, धोका. सगळे हसले. तेव्हापासून तो प्रश्न कुणी विचारला नाही तरी मी त्याचं उत्तर देतो.

नाव अमृत. वडूजच्या एका हायस्कुलात मराठी आणि इतिहास शिकवतो. पोरं अमृत सर म्हणतात, ते पंजाबातल्या गावाचं नाव घेतल्यासारखं ऐकू येतं, पण आता सवय झाली. भाषणाचा विषय ठरलेला, 'वय आणि वाढ'. कुठल्या वयात मूल हट्ट का करतं, खोटं का बोलतं, आरशापुढून हलत का नाही, सगळं मी पाऊण तासात उरकतो. अर्ध्या तासानंतर बायका मोबाइल बघायला लागतात आणि बाप्ये पोह्यांच्या वासाकडं तोंड करून बसतात. मग मी माझा हुकमी भाग काढतो.

"मंडळी, मी पहिलीत बसलो तेव्हा साडेचार वर्षांचा होतो. मला चड्डीचं बटण लावता येत नव्हतं." हशा. "माझ्याच वर्गात माझी सख्खी बहीण होती, माझ्याहून चार वर्षांनी मोठी. गुरुजी नसले की तीच गुरुजी. गुरुजी असले तरी तीच." हशा. "शाळेच्या दाखल्यावर आम्हा दोघांची जन्मतारीख एकच, एक जून. म्हणजे कागदोपत्री आम्ही जुळे. त्यातलं एक जुळं दुसऱ्याला कडेवर घेऊन शाळेत यायचं." इथं मी पाणी पितो, कारण हशा लांबतो. "पण मोठ्यांच्यात बसलो म्हणून लवकर मोठा झालो. मेंढरं राखणाऱ्याचं पोरगं आज तुमच्यापुढं उभं आहे. तेव्हा पालकांनो, मूल वयाच्या एक पाऊल पुढं ठेवा." टाळ्या. पोहे.

यातला शब्द न् शब्द खरा आहे. आता बाकीचं सांगतो, जे मी मेळाव्यात सांगत नाही.

आमची मेंढरं होती. दिवाळी झाली की आई आणि दादा, म्हणजे माझे वडील, दीडशे मेंढरं, एक घोडं, दोन कुत्री आणि आम्हा दोघांना घेऊन खाली कृष्णाकाठाला उतरायचे, ते पावसाच्या तोंडावर परत. धोंडुबाई, म्हणजे माझी आक्का, पाचव्या वर्षापासून मेंढरांमागं चालायची. मी चालायचो नाही. मी बसायचो आणि रडायचो. एकदा रहिमतपूरच्या अलीकडं मी भर रस्त्यात बसकण मारली. मागं एसटी थांबली, ड्रायव्हर उतरला, कंडक्टर उतरला, दोन पॅसेंजर उतरून तंबाखू मळायला लागले, तरी मी उठलो नाही. शेवटी दादांनी मला उचलून घोड्यावर टाकलं. घोड्यावर कोंबड्यांची डालगी होती. माझं रडणं ऐकून कोंबड्यांनी जो कालवा केला, तो पुढच्या मुक्कामापर्यंत थांबला नाही.

त्या मुक्कामावर दादांनी निकाल दिला, "ह्ये पोरगं चालण्यातलं न्हाई. ह्येला शाळंत घाला." माझ्या शिक्षणाचा पाया हा असा आहे. बुद्धी वगैरे नंतर चिकटली.

पण एवढ्याशा पोराला वस्तीवर म्हाताऱ्या आजीकडं ठेवायचं कसं? शाळा दीड मैलावर, मधे ओढा. म्हणून आक्काला माझ्यासोबत ठेवलं. दादांना ते जिवावर आलं होतं, कारण मेंढरांत ती दोन गड्यांचं काम करायची. जूनमध्ये आजीनं आम्हाला गुरुजींपुढं नेऊन उभं केलं. गुरुजींनी विचारलं, जन्म कधीचा? आजी म्हणाली, पोरगी धोंड्याच्या महिन्यातली, म्हणून तर नाव धोंडुबाई, आणि पोरगं शाळू पेरताना झालं. धोंडा दर तीन वर्षांनी येतो. त्यातला कुठला, ते आजीला सांगता येईना. तो ऐंशी सालचा होता हे आम्हाला पुढं कळलं, पण गुरुजींपुढं चाळीस पोरं उभी होती. पहिलीला सहा पूर्ण लागतात म्हणून त्यांनी दोघांच्याही नावापुढं एक जून त्र्याऐंशी लिहिलं. मी बसल्या जागी सव्वा वर्षानं थोरला झालो आणि आक्का तीन वर्षांनी धाकटी.

नऊ वर्षांच्या पोरीला पहिली ती काय? दिवाळीपर्यंत आक्का धडाधड वाचायला लागली. मी दिवाळीपर्यंत 'ग'कडं बघून रडत होतो. गुरुजी तिला 'हुशार' म्हणायचे आणि मला 'बारका'. आता मेळाव्यात मी तक्त्याच्या हिरव्या रंगावर छडी ठेवून सांगतो की नवव्या वर्षी मूल जे महिन्यात उचलतं, त्याला पाचव्या वर्षी वर्ष लागतं. यात माझीच अब्रू जाते, हे सुदैवानं कुणाच्या लक्षात येत नाही.

माझी पाटी तीच पुसायची आणि नाकही तीच, बऱ्याचदा एकाच फडक्यानं. ओढ्याला पाणी असलं की कडेवर घ्यायची. मधल्या सुट्टीत मला कुणी ढकललं तर ती फक्त उठून उभी राहायची. तेवढं पुरायचं. सातवीपर्यंत असं चाललं. मग तिची शाळा सुटली आणि मी वडूजला हायस्कुलात आलो. पुढं डीएड, बीएड, नोकरी, स्वप्नालीशी लग्न. स्वप्नालीला लग्नाच्या आधी मी माझं भाषण ऐकवलं होतं, तरी ती आली.

आमची मुलगी सृष्टी साडेचार वर्षांची झाली आणि मी तिला पहिलीत बसवली. स्वप्नाली म्हणत होती, "अहो, एक वर्ष थांबू. तिला अजून डब्याचं झाकण उघडत नाही." मी तिला माझं उदाहरण दिलं. घरातले वाद मिटवायला मी माझं उदाहरण फार वापरतो. वयाचे नियम तेव्हा आजच्याएवढे घट्ट नव्हते, आणि मास्तरच्या पोरीला कोण अडवतंय. पुढं ती माझ्याच हायस्कुलात आली. वर्गात सगळ्यांत बुटकी, रांगेत पहिली, गॅदरिंगच्या नाचात कायम पुढच्या ओळीत. मुली तिला पिल्लू म्हणायच्या. मला ते गोड वाटायचं.

ती नववीत होती, तेराची. फेब्रुवारीत गणिताची चाचणी झाली. गणिताचे जयराज सर स्टाफरूममध्ये माझ्याकडं आले आणि तिचा पेपर माझ्यासमोर ठेवला. वर नाव, तुकडी, हजेरी क्रमांक, सगळं सुवाच्य अक्षरात. खाली काही नाही. दोन्ही बाजूंनी कोरा. समास मात्र पट्टीनं आखलेला.

"सर, बरं नव्हतं का तिला?" जयराज सरांनी विचारलं. ते चांगल्या मनानं विचारत होते, पण स्टाफरूममध्ये सात जण होते आणि सातही जणांचे चहाचे कप हवेत थांबले होते. मी म्हणालो, "हो, जरा ताप होता." पालकांनी मुलांपुढं खोटं बोलू नये यावर माझी दहा मिनिटं आहेत. मुलं समोर नसताना काय करावं ते त्यात नाही.

घरी गेल्यावर मी तिला समोर बसवलं आणि आवाज मऊ केला. आवाज मऊ केला की ती सावध होते. म्हटलं, "सृष्टी, तू आता स्वतःची ओळख शोधण्याच्या वयात आहेस."

"पप्पा, मला नापास व्हायचंय."

"काय?"

"मला नववीत परत बसायचंय. आठवीपर्यंत कुणाला मागं ठेवत नाहीत, असं तुम्हीच म्हणता. म्हणून मी थांबले होते." हे ती इतक्या शांतपणे म्हणाली की मला आधी अर्थच लागेना. पोरगी दोन वर्षं नापास होण्याची वाट बघत होती. तिनं चौकशी केली होती, वेळापत्रक आखलं होतं. एवढं नियोजन मी माझ्या बीएडलाही केलं नव्हतं.

मग मऊ आवाज गेला. मी पाऊण तास बोललो, पोह्यांशिवाय. शाळेत काय म्हणतील, तालुक्यात काय म्हणतील, मी कुठल्या तोंडानं व्यासपीठावर उभा राहू. ती ऐकत होती. स्वयंपाकघरातून स्वप्नाली आली, ओले हात पदराला पुसले आणि म्हणाली, "तुमच्या तक्त्यात ह्याला कुठला रंग आहे?" मी उठून बाहेर गेलो.

शनिवारी अर्धी शाळा सुटल्यावर सृष्टी आक्काकडं गेली. आक्काचं सासर वडूजपासून आठ किलोमीटरवर, माळावरची वस्ती. दाजी आणि ती, तीसेक मेंढरं, थोडी ज्वारी, आणि मुलगा सैन्यात. सृष्टी लहानपणापासून तिथं जाते, पण रविवारी संध्याकाळी परत येते. या वेळी आली नाही. स्वप्नालीनं फोन केला तर म्हणाली, "पप्पा हो म्हणाले की येते." सोमवारी तिची शाळा बुडाली. मंगळवारी मी रजा टाकली आणि गाडी काढली. वाटेत मी सगळं बोलणं मनात जुळवलं. सुरुवात प्रेमानं, मधे उदाहरण, शेवटी धाक.

पोचलो तर आक्का आणि सृष्टी कोकरांत होत्या. सृष्टी एका कोकराचं तोंड धरून बाटलीनं दूध पाजत होती आणि काहीतरी बोलून हसत होती. घरात ती हसल्याला बरेच महिने झाले होते, हे मला तिथं उभं राहिल्यावर कळलं. आक्कानं कोकरांचे तीन वाडे केले होते, बाभळीच्या फांद्यांचं कुंपण घालून. आठवड्याची एकात, महिन्याची दुसऱ्यात आणि पाला खायला लागलेली तिसऱ्यात.

काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "सगळी एकत्र का न्हाईस सोडत?"

"थोरली बारक्यास्नी दाबत्यात. बारकी मरत न्हाईत, पर वाढतबी न्हाईत." मग माझ्याकडं वर बघून म्हणाली, "आन ह्ये भाषणात घालू नगंस." मी खरोखरच मनात वाक्य जुळवत होतो.

तिनं चहा टाकला. मी सृष्टीला म्हणालो, "चल, पुस्तकं भर." ती म्हणाली, "आधी हो म्हणा." माझं जुळवलेलं बोलणं एकदम उलटं निघालं. आधी धाक आला, मग उदाहरण, आणि प्रेमाला जागाच उरली नाही.

"मी साडेचार वर्षांचा पहिलीत बसलो. माझं काय वाईट झालं?"

"तुमच्या शेजारी आत्या होती," सृष्टी म्हणाली. "माझ्या शेजारी कोण आहे?"

मी म्हणालो, "शिवांजली आहे, बाकीच्या मैत्रिणी आहेत."

"त्या माझ्या मैत्रिणी नाहीत पप्पा. मी गेले की त्या बोलायच्या थांबतात. म्हणतात, पिल्लूला नको सांगू, ती लहान आहे. माझ्या वयाच्या मुली सातवी-आठवीत आहेत. त्या मला ताई म्हणतात आणि त्याही गप्प होतात. फक्त आठवीतली क्रांती माझ्याशी खेळते. ती जूनमध्ये नववीत येणार आहे." मग तिनं विचारलं, "मी डबा कुठं खाते, तुम्हाला माहीत आहे?"

"कुठं?"

"जिन्यात. लायब्ररीच्या."

त्या जिन्यावरून मी दिवसातून दोनदा जातो. मी तिला तिथं पाहिलंही होतं, एकदा नाही, बऱ्याचदा. मांडीवर डबा, हातात पुस्तक. मला वाटलं होतं, पोरगी अभ्यासू आहे. केशरी रंगात 'एकांताची आवड' असं मीच लिहिलेलं आहे. मी तिच्या डोक्यावर टपली मारून पुढं जायचो.

आक्कानं कपबशी माझ्यापुढं सरकवली. "आन तू डबा कुठं खायचास रं?"

"तुझ्याशेजारी."

"शेजारी न्हवं. माझ्या फडक्यावर. चौथीपतूर भाकरी म्या कुस्करून द्यायची, तवा तू गिळायचास. शाळा तुला कवा झेपली? म्या झेपवली. मी सुटल्यावर तुजं काय झालं ते सांगितलंस का पोरीला?"

"आक्का, ते जाऊ दे."

"का जाऊ दे? सृष्टे, तुजा बाप आठवीला दोन वर्सं बसला हुता."

सृष्टीच्या हातातली बाटली खाली आली. कोकरू चुरचुर आवाज करत तिचं बोट चोखायला लागलं. "पप्पा, तुम्ही नापास झालात?"

झालो होतो. पाच विषयांत. वडूजच्या हायस्कुलात मी एकटा गेलो, अकरा-बारा वर्षांचा, तेरा-चौदा वर्षांच्या पोरांत. घरात शिरलेल्या चिमणीसारखा कोपऱ्यात बसायचो. सहामाहीत गेलो, वार्षिकला गेलो. दुसऱ्या वर्षी त्याच बाकावर बसलो तर आजूबाजूची पोरं माझ्या उंचीची होती. माझी पहिली दोस्ती त्या वर्षी झाली. पहिल्यांदा कुणीतरी माझ्याशी कुस्ती खेळून हरलं. अभ्यासही तेव्हाच उलगडला. हे सगळं मला पक्कं माहीत होतं आणि तरी मी गेली पंधरा वर्षं तालुकाभर फिरून सांगत होतो की मूल एक पाऊल पुढं ठेवा. नापास झालेलं वर्ष मी तक्त्यात कुठंच घेतलेलं नव्हतं. स्वप्नालीलासुद्धा माहीत नव्हतं.

सृष्टी खो-खो हसत सुटली. मलाही हसू आलं, लाजेचं, पण आलं. म्हटलं, "ठीक आहे. मी मुख्याध्यापकांना भेटतो. तुझा अर्ज देतो." हे बोलताना मला जयराज सरांचा चेहरा दिसत होता, खोटं कशाला सांगू. पण ती इतकी मोकळी झाली की उठून तिनं कोकरू माझ्या मांडीवर टाकलं आणि कोकरानं माझ्या कामावरच्या पँटीवर आपलं मत नोंदवलं.

इथंच सगळं गोड झालं असतं. पण मला बोलायची खोड आहे. मी आक्काला म्हणालो, "तू तरी कशाला सोडलीस शाळा? सातवीत पहिला नंबर होता तुझा. माझा अकरावा."

आक्का चुलीतली लाकडं सारत होती. ती थांबली. "म्या सोडली?"

मला आठवत नाही असं म्हणणं सोपं होतं. पंचवीस वर्षं मी स्वतःशी तेच म्हणत आलो होतो. पण मला आठवत होतं. सगळं. ती गोष्ट मी फक्त भाषणातून वगळायचो. आणि आता सृष्टी आमच्या दोघांकडं आळीपाळीनं बघत होती, तेव्हा सांगणं भाग होतं.

सातवीचा निकाल लागला त्या दिवसांत दादा मेंढरं घेऊन परत आले होते. संध्याकाळी अंगणात बसून त्यांनी विचारलं, "दोगांस्नीबी वडूजला घालू का?" गुरुजींनी त्यांना वाटेत गाठून सांगितलं होतं, पोरीला थांबवू नका. दादा कधी नव्हे ते विचारात पडले होते. आणि मी, साडेअकरा वर्षांचा, म्हणालो, "आक्का नको माझ्यासंगं." कारण पोरं मला आक्काचं शेपूट म्हणायची. कारण मधल्या सुट्टीत कुणीतरी विचारायचं, काय रं, तुझी आई आली न्हाई का आज वर्गात. मला तिच्या उंचीची लाज वाटायची, तिच्या साडीची लाज वाटायची, ती माझा हात धरायची त्याची लाज वाटायची. मी म्हणालो, "ती आली तर मी शाळंत जायचा न्हाई." दादांनी मान हलवली. त्यांना सोपं झालं. आक्का तिथंच भाकऱ्या थापत होती. तिचा हात थांबला नाही. त्या दिवाळीला ती मेंढरांमागं खाली गेली, आणि पुढच्या वैशाखात तिचं लग्न झालं.

मी हे सृष्टीला सांगितलं. सांगताना माझ्या आवाजात कुठलाच चढउतार नव्हता. सृष्टी हसली नाही. ती आत्याजवळ जाऊन बसली.

आक्का म्हणाली, "मला शाळंत घातलंच न्हवतं रं आमरू. तुला घातलं हुतं. मला तुज्यासंगं बसवलं हुतं. पर बसल्यावर मला आवडाय लागली, त्यो माजा दोष."

मी सृष्टीच्या वहीतला कागद मागून घेतला आणि तिथंच ओट्यावर बसून अर्ज लिहिला. माझी पाल्य सृष्टी हिला इयत्ता नववीच्या वर्गात पुनश्च बसण्याची परवानगी मिळावी. 'कारण' या शब्दापुढं मी लेखणी धरून बराच वेळ बसलो. मग लिहिलं, पालकाने वयाआधी शाळेत घातले. सही केली. आक्कानं हात पुढं केला, कागद घेतला आणि ओठ हलवत सगळा वाचला. 'पुनश्च'ला अडखळली नाही.

"बरं लिवलंयस," ती म्हणाली.

सृष्टी पुस्तकं भरायला आत गेली. मी विचारलं, "आक्का, तुला माझा राग हाय का?" ती नाही म्हणेल असं मला वाटलं होतं. माझी तयारी नाही ऐकण्याची होती. तसं ऐकून मी डोळे पुसले असते आणि हलका होऊन घरी गेलो असतो.

"हाय की," आक्का म्हणाली. "तुज्यावर किती धरायचा? त्या वयाचं पोर तसंच बोलतंय. जे आपल्याला मोठं करतंय त्येचीच लाज वाटती त्या वयात. ह्ये मला तवाबी कळत हुतं. तू तुज्या वयाचं बोललास." तिनं अर्जाची घडी घालून माझ्या हातात दिली. "पर आमरू, तवा मीबी सोळाचीच हुते. सोळाव्या वर्सी माणसाला काय काय वाटतंय, कुठं कुठं जावंसं वाटतंय, त्ये सगळं मलाबी वाटत हुतं. तू बारका हुतास, ह्ये घरात समद्यांनी बगितलं. मीबी पोरच हुते, ह्ये कुणी बगितलंच न्हाई."

एवढं बोलून ती उठली आणि खायला लागलेल्या कोकरांना पाला टाकायला गेली. मी तिच्या मागं गेलो. पाल्याची दुसरी पेंढी मी उचलली. ती म्हणाली, "तिकडं टाक, बारक्यास्नी न्हवं." मी तिकडं टाकली.